फट दिसली नाही, तर एक्स-रे झालाच नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणक आता एक्स-रे बघून दातांमधली कीड डॉक्टरांच्या आधी ओळखतो, असा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. जावयाने त्याचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली 'आता तुमची सुट्टी' अशी चेष्टाही लिहिली. मी २९ वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात क्ष-किरण तंत्रज्ञ होते. सुट्टी कधीच झाली आहे, त्यामुळे चेष्टा मनावर घेतली नाही. लेख मात्र घेतला. त्यात एक साधी गोष्ट राहून गेली आहे, आणि तीच राहून गेल्यामुळे गेल्या वर्षी माझ्या नातीला नको तेवढं सोसावं लागलं.

नात सात वर्षांची, दुसरीत. चहात बुडवलेलं बिस्कीट खाल्लं की ते डावीकडे खालच्या दाढांत अडकतं, अशी तिची तक्रार जूनमध्ये सुरू झाली. लेकीने तिला घराजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं तर दाढा वरून स्वच्छ. एक एक्स-रे काढला आणि 'नॉर्मल आहे, ब्रश नीट करायला सांगा' म्हणाले. मी तेव्हा पुण्याला बहिणीकडे होते. लेकीने एक्स-रे फोनवर पाठवला, तो मी बोटांनी मोठा करून बघितला आणि लगेच फोन लावला.

"अगं, यात फटच दिसत नाहीये."

"म्हणजे काय?"

"दोन्ही दाढा एकमेकींवर चढल्यात. मधलं सगळं झाकलं गेलंय. परत काढून द्या म्हणावं."

लेक संकोचली. डॉक्टर नॉर्मल म्हणतायत, तिथं 'माझ्या आईने सांगितलंय' म्हणून परत काढा कसं म्हणायचं? मीही फार जोर धरला नाही. या पत्रातली निम्मी चिडचिड माझी माझ्यावरच आहे.

दसऱ्याच्या आदल्या रात्री पोरीचा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला. मग मिरजेला लहान मुलांच्या दंतवैद्यांकडे धावपळ, दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल, वर स्टीलची टोपी. त्यांनी काढलेल्या एक्स-रेत दोन दाढांच्या मध्ये, नसेपर्यंत गेलेला काळा खड्डा स्पष्ट होता. एवढा खड्डा काही चार महिन्यांत पडला नसणार. जूनमध्येही कीड तिथंच होती. नुसती झाकलेली.

दुधाच्या दाढांचं असं असतं, की त्या पक्क्या दाढांसारख्या एका टिंबावर टेकत नाहीत, गालाला गाल लावून बसतात. त्यांचं कवच म्हणजे इनॅमल, तेही पक्क्या दाढेच्या साधारण निम्म्या जाडीचं. त्यामुळे कीड दोघींच्या मध्ये लागते, आत झपाट्याने जाते आणि वरून दाढेची कड ढासळेपर्यंत आरशात काहीच दिसत नाही. 'पडणारच आहे की ती दाढ' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ही दाढ दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहायची असते, आणि मागून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवायची असते.

आता मूळ मुद्दा. जुन्या घरात दाराच्या फळ्यांमधल्या फटीतून कवडसा येतो, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो दिवसभर येतो का? ऊन नेमकं फटीच्या रेषेत आलं की तेवढा वेळच येतो. ऊन जरा कललं की फट तिथंच असते, पण जमिनीवर नुसती सावली. दातांचं तंतोतंत तसंच आहे. किरण दोन दातांच्या मधल्या रेषेतून सरळ गेला, तर एक्स-रेवर त्यांच्या मध्ये बारीक काळी रेघ उमटते आणि दोन्ही बाजूंची कवचं वेगळी दिसतात. तो पुढून किंवा मागून तिरका गेला, की एका दाताचं कवच दुसऱ्यावर छापलं जातं आणि तिथं पांढराशुभ्र पट्टा येतो. ज्याला माहीत नाही त्याला तो पट्टा भक्कम, निरोगी दात वाटतो. आणि फटीतली कीड सुरू होते ती दोन दात टेकतात त्या जागेच्या लगेच खाली, म्हणजे बरोबर त्या पट्ट्याच्या आड.

यासाठी वेगळा एक्स-रे आहे. हॉवर्ड रेपर नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने १९२५ साली तो रूढ केला. फिल्मला मध्यभागी एक पंखासारखी पट्टी असते, ती रुग्णाने दातांत धरायची. म्हणून नाव बाइटविंग. वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच फिल्मवर येतात, मुळं पूर्ण येत नाहीत. उलट आपल्याकडे चिठ्ठीवर बहुतेक वेळा आयओपीए लिहिलेलं असतं. तो मुळांच्या टोकांसाठीचा एक्स-रे आहे. ठणका लागलेल्या दाढेला तो हवाच, पण फटी तपासायला तो घेणं म्हणजे पाया बघायला आलेल्या माणसाकडून छप्पर तपासून घेण्यासारखं. माझ्या सगळ्या नोकरीत बाइटविंग लिहिलेल्या चिठ्ठ्या इतक्या थोड्या आल्या, की त्या लिहिणारे डॉक्टर मला नावानिशी आठवतात. आणि ओपीजी, म्हणजे सगळा जबडा एकदम दाखवणारा मोठा एक्स-रे? 'त्यात सगळंच आलं ना' असं लोकांना वाटतं. लहान दाढांच्या फटी त्यात हमखास एकमेकींवर चढतात आणि बारकावाही कमी येतो. अक्कलदाढ बघायला तो उत्तम.

बाइटविंगला उभा कोन सोपा असतो, यंत्राची किरण सोडणारी नळी वरून आठ-दहा अंश खाली झुकवायची. आडवा कोन मात्र पुस्तकात सापडत नाही, तो त्या माणसाच्या तोंडात बघूनच ठरवावा लागतो. मी रुग्णाला दात मिटायला लावून बोटाने गाल बाजूला सारत असे आणि दाढांच्या ओळीकडे टॉर्च मारून बघत असे. ती ओळ कुणाची सरळ, कुणाची बाहेर वळलेली. नळीचं तोंड त्या ओळीला समांतर आलं की मगच बटण. शिवाय लहान दाढांच्या आणि मोठ्या दाढांच्या फटी एका दिशेला नसतात. म्हणून मोठ्या माणसाला एका बाजूला दोन फिल्म लागतात, एक पुढची आणि एक मागची. पुढच्या फिल्ममध्ये सुळ्याची मागची कड आलीच पाहिजे, नाहीतर पहिल्या लहान दाढेची फट सुटते. मुलांना ० नंबरची छोटी फिल्म, मोठ्यांना २ नंबरची. पट्ट्या संपलेल्या असायच्याच, मग पुठ्ठा कापून चिकटपट्टीने आम्हीच करायचो. म्हाताऱ्या माणसांना 'सुपारी धरल्यासारखी धरा' म्हटलं की कळे. पोरांना शेंगदाणा सांगायचा.

आता फिल्म तोंडात धरून ठेवणारे, कडी लावलेले होल्डर मिळतात. नळी कडीला जुळवली की कोन बराचसा आपोआप साधतो. संगणक प्रणालीच्या खर्चापुढे त्यांची किंमत काहीच नाही. तरीही रुग्णाला 'बोटाने धरा' सांगणारे आणि वेळप्रसंगी स्वतःच बोटाने धरणारे मी पाहिले आहेत. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते, दातांच्या एक्स-रेतल्या पहिल्या काही माणसांपैकी. रुग्णांच्या तोंडात फिल्म धरून धरून त्यांची बोटं गेली, मग हात गेला. ही गोष्ट मी प्रत्येक इंटर्नला पहिल्या दिवशी सांगायची. छातीवर टीएलडी, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला लावून बोट किरणात घालणाऱ्याला बिल्ला काय वाचवणार?

डार्करूमचं दुःख नव्या पिढीला नाही, हे बरंच झालं. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, वीस अंशाला पाच मिनिटं, असा आमचा पाठ होता. सांगलीच्या मे महिन्यात नळाचं पाणीच तीसच्या वर. मी टाकीच्या बाहेर घमेल्यात बर्फ ठेवायची आणि तो आणायला शिपाईमामांना चहाचे पैसे द्यायची. लाल दिव्यात फिल्म वर उचलून 'आली, आली' म्हणत बाहेर काढणारे असत. अशी फिल्म कधी फिकी, कधी धुरकट, आणि कवचातली सुरुवातीची कीड म्हणजे तर आधीच राखाडीतला राखाडी ठिपका. तो धुरात विरून जाई. आता फिल्मच्या जागी सेन्सर आला. आपल्याकडे त्याला आरव्हीजी म्हणतात. १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये निघाला. चित्र क्षणात पडद्यावर येतं, किरणं कमी लागतात. पण सेन्सर जाड, ताठ, वर वायर. मुलाच्या टाळ्याला तो टोचतो, मूल तोंड वळवतं, सेन्सर तिरका होतो, आणि पुन्हा तोच पांढरा पट्टा. शिवाय त्याची काम करणारी जागा त्याच मापाच्या फिल्मपेक्षा थोडी लहानच असते. म्हणजे यंत्र बदललं तरी कोन चुकायची भीती कमी झालेली नाही. जरा वाढलीच आहे.

एक्स-रे बघायचीही रीत असते. आमच्या विभागात एक प्राध्यापिका होत्या, त्या खोलीतले दिवे बंद करवून घ्यायच्या. लाइट बॉक्सवर फिल्मभोवती काळा पुठ्ठा लावायच्या, म्हणजे बाजूचा झगमगाट डोळ्यांत जाऊ नये, आणि मग हातात भिंग. आज एक्स-रे ट्यूबलाइटखाली, खिडकीसमोरच्या पडद्यावर, दुसऱ्या रुग्णाशी बोलता बोलता पाहिला जातो, मग फोनवर पाठवला जातो, आणि पाठवताना त्यातला निम्मा बारकावा गळतो. कीड ओळखायची कशी, तर ती बाहेरच्या बाजूला रुंद आणि आत निमुळती, अशा त्रिकोणासारखी दिसते. आतल्या थराला पोचली की तिथं पसरते. दाताच्या मानेपाशी, कवच संपतं आणि हाड सुरू होतं त्यांच्या मधोमध, जो काळसर पट्टा दिसतो तो पुष्कळदा कीड नसतो. तिथं दात अरुंद असतो, किरण सहज पार जातात, एवढंच. नवे विद्यार्थी दर वर्षी त्याला फसायचे. एकदा तर तेवढ्यावरून एका कंडक्टरांची धडधाकट दाढ कोरायला घेतली होती. त्याच प्राध्यापिकांनी हात धरून थांबवलं.

आणि हे सगळं नीट केलं तरी एक्स-रे उशिराच बोलतो. कवचातली साधारण तीस-चाळीस टक्के खनिजं निघून गेल्याशिवाय त्याची सावली पडत नाही. म्हणून एक्स-रेवर दिसते त्यापेक्षा कीड प्रत्यक्षात नेहमी थोडी पुढे गेलेली असते. आमच्याकडची एक विद्यार्थिनी आता दंत महाविद्यालयात शिकवते. तिने मला कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०२१चा आढावा दाखवला. सुरुवातीची कीड एक्स-रेवर सुमारे निम्मीच सापडते, आणि निरोगी शंभर जागांपैकी बारा जागी उगीच कीड ठरते, असा साधारण हिशेब त्यात आहे. हे बहुतेक प्रयोगशाळेत, काढलेल्या दातांवर, सगळं मनासारखं जुळवून केलेल्या चाचण्यांतलं. आमच्या ओपीडीत, सकाळी अकराला, रांगेत रडणाऱ्या मुलांबरोबर काय होत असेल याचा अंदाज आपणच करा.

संगणकाकडे येते. मला त्याचा राग नाही. आणि तो अगदी नवाही नाही. फटीतली कीड शोधणाऱ्या 'लॉजिकॉन' नावाच्या प्रणालीला अमेरिकेत १९९८ सालीच मान्यता मिळाली होती. आताच्या प्रणाली त्याहून पुष्कळ हुशार आहेत, थकत नाहीत, दुपारच्या जेवणानंतर पेंगत नाहीत. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेला राखाडी ठिपका ती रंगीत चौकट काढून दाखवत असेल, तर कुणाला नको आहे? पण जो किरण फटीतून गेलाच नाही, त्याची सावली संगणक आणणार कुठून? नातीचा जूनमधला एक्स-रे त्याला दिला असता, तरी त्या पांढऱ्या पट्ट्याखालचं त्याला काही दिसलं नसतं. मला तर वाटतं, या प्रणालींनी कीड शोधायच्या आधी एक काम करावं. फटी एकमेकींवर चढल्या असतील तर लाल अक्षरांत लिहावं, 'ही फट दिसत नाही, इथलं काही सांगता येणार नाही.' मग 'नॉर्मल' शब्द लिहायचं धाडस कोणी करणार नाही.

'परत काढा' म्हटलं की आईवडील किरणोत्साराला घाबरतात. त्यांना मी असं सांगायची: माती, हवा, अन्न, आकाश यांतून आपल्याला आपोआप जे किरण मिळतात ते जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे किरणांचं माप), म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास; मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग. एक बाइटविंग साधारण पाच मायक्रोसिव्हर्टच्या आतली. एका दिवसाचंही नाही. म्हणून ऊठसूट काढावी असं नाही, पण चुकलेली एक परत काढायला घाबरू नये. खरी उधळपट्टी दुसरीकडेच होते. फिल्म तीन बाय चार सेंटिमीटरची, म्हणजे बारा चौरस सेंटिमीटर. गोल नळीतून येणारा झोत सहा सेंटिमीटर व्यासाचा धरला तरी अठ्ठावीस. निम्म्याहून जास्त किरण गालात आणि जिभेत फुकट. नळीला चौकोनी तोंड बसवलं की तेवढे वाचतात. अणुऊर्जा नियामक मंडळाकडे यंत्राची नोंदणी करताना कागद पुष्कळ भरावे लागतात. चौकोनी तोंड मात्र मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझ्या पत्राचा उलटा अर्थ होईल. सावली दिसली म्हणजे कोरायचंच असं नाही. कवचापुरती असलेली कीड थांबवता येते. फ्लोराइडचं व्हार्निश, रोज रात्री फटीतून दोरा, दोन जेवणांच्या मधलं चरणं बंद, आणि ठरलेल्या मुदतीने त्याच कोनातून पुन्हा बाइटविंग. जुना आणि नवा शेजारी ठेवून सावली वाढली का बघायचं. दोन्ही वेळचा कोन वेगळा असेल तर ही तुलनाच फोल. शंका राहिलीच तर ब्रेसेसवाले वापरतात ती छोटी रबराची कडी दोन दाढांत दोन-तीन दिवस बसवतात. दाढा किंचित सरकतात आणि फटीत सरळ डोळ्यांनी बघता येतं. खड्डा पडलाय की नुसता पांढरा डाग आहे, ते तिथंच कळतं. किती साधी युक्ती! पण तिच्यासाठी रुग्णाने दोनदा यायला हवं आणि डॉक्टरांना ड्रिलचा हात आवरायला हवा.

शाळांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येतात. २०१३ साली तो आपल्या पालघरलाच सुरू झाला, आणि किडलेले दात त्याच्या यादीत आहेत. पथकातले डॉक्टर टॉर्च मारून बघतात. त्यांच्या हातात तेवढंच आहे. टॉर्च फटीत जात नाही. माझी विनंती इतकीच, की ज्या मुलाच्या तोंडात एक जरी किडकी दाढ दिसली, त्याच्या चिठ्ठीवर नुसतं 'दंतविभाग' न लिहिता 'दोन्ही बाजूंची बाइटविंग' असं लिहावं. एक दाढ किडलेल्या मुलाच्या फटींत आणखी असण्याचा संभव बराच असतो. आणि आईवडिलांनी एक्स-रे हातात आल्यावर एकच प्रश्न विचारावा: प्रत्येक दोन दाढांच्या मध्ये काळी रेघ दिसते का? त्याला डॉक्टरकीचं शिक्षण लागत नाही. माझ्या लेकीला तो आता पाठ आहे. जानेवारीत मिरजेला तिने तो विचारला. डॉक्टरांनी हसून पडदा तिच्याकडे वळवला, एक फट चढलेली होती, ती त्यांनी न कुरकुरता परत काढली. वरच्या उजव्या दाढेच्या कवचात बारीकशी सावली निघाली. कोरलं नाही, व्हार्निश लावलं, जुलैत परत बोलावलंय.

माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दीडेकशे जुन्या फिल्म आहेत, सगळ्या वाया गेलेल्या, कुणाचंही नाव नसलेल्या. चढलेल्या फटी, धुरकटलेल्या, बोट आलेल्या, एकीत तर रुग्णाची नथ आलेली. इंटर्नना शिकवायला जमवल्या होत्या. चांगली फिल्म बघून कोणी शिकत नाही, असा माझा अनुभव. जूनमधला दवाखाना ओळखू येऊ नये म्हणून माझं नाव छापू नका. पण कोणी दंतवैद्यकीचे विद्यार्थी विचारत आले तर आपल्याकडचा माझा पत्ता त्यांना जरूर द्या. डबा कपाटावर आहे, भिंगही त्यातच आहे. सकाळी दहानंतर मी घरीच असते.

आपली,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ,
विश्रामबाग, सांगली